पुण्यात नवीन आलात? पीएमपीचा रोजचा प्रवास असा बसवा

जून उजाडला की पुण्यात नवी माणसं येतात. कोणाचा फर्ग्युसनला किंवा गरवारेला प्रवेश झालेला असतो, कोणाला हिंजवडीत पहिली नोकरी लागलेली असते, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतलेली असते. पहिल्याच आठवड्यात या सगळ्यांना एक सल्ला हमखास मिळतो, "गाडी घेऊन टाका, इथल्या बसचं काही खरं नाही." इथं गाडी म्हणजे दुचाकी, पुढे मात्र मी गाडी म्हणेन ते बसला. मला हा सल्ला घाईचा वाटतो. रस्ते ओळखीचे नसताना, भर पावसात, हडपसरच्या किंवा वाकडच्या रहदारीत नवख्या माणसाने दुचाकी घालणं ही जोखीम बसच्या सगळ्या कटकटींपेक्षा मोठी आहे.

बसचा त्रास खराच आहे. गाडी वेळेवर येत नाही, आली तर भरलेली असते, कधी रस्त्यातच बंद पडते. पण हे सगळ्या मार्गांवर सारखं नाही. एखाद्या गाडीच्या वेळेवर विसंबलात तर फसाल, चांगल्या मार्गावर विसंबलात तर बहुतेक दिवशी वेळेत पोचाल. धोक्याचंही असंच आहे. गाडीत बसल्यावर माणूस बराच सुरक्षित असतो. धोका असतो तो स्टॉपवर, दारात आणि रस्ता ओलांडताना. या दोन गोष्टी धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी थोडी ओळख. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा २००७ साली एकत्र होऊन पीएमपीएमएल, म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड, झाली. बोलताना पीएमपी म्हणतात, जुनी माणसं अजून पीएमटीच म्हणतात. रस्त्यावरच्या पुष्कळ गाड्या ठेकेदारांच्या आहेत. त्यांवर चालक ठेकेदाराचा असतो आणि वाहक पीएमपीचा. तक्रारीच्या वेळी हे माहीत असलेलं बरं.

पहिली पायरी: खोली ठरवण्याआधी मार्ग बघा

बहुतेक जण भाडं बघतात, पाण्याची वेळ विचारतात, मेस किती लांब ते बघतात आणि बसचा विचार सामान लावून झाल्यावर करतात. तो आधी करा.

काही रस्त्यांवर एकाच दिशेला जाणारे अनेक नंबर धावतात. कात्रज ते स्वारगेट आणि पुढे शिवाजीनगर, हडपसर ते स्वारगेट किंवा पुणे स्टेशन, निगडी-पिंपरी-दापोडीवरून मनपा (महापालिका भवनाजवळचं बसस्थानक), कोथरूडहून डेक्कनमार्गे स्टेशन. अशा रस्त्यावर एक गाडी चुकली तरी मागून दुसरी असते, तिचा नंबर वेगळा असला तरी तुमचा स्टॉप तोच. याउलट आतल्या सोसायट्यांकडे किंवा गावांकडे जाणारी एखादीच गाडी असते आणि तिची एक फेरी रद्द झाली तर पाऊण-एक तास तसाच जातो. जागा दाखवणारा एजंट "स्टॉप अगदी समोरच आहे" म्हणाला तर त्या स्टॉपवर सकाळी नऊच्या सुमाराला स्वतः अर्धा तास उभे राहा. किती गाड्या येतात, त्यांत पाय ठेवायला जागा असते का, हे तिथंच कळतं. मुख्य रस्त्यापासून दहा मिनिटं चालावं लागणारी खोली ही दारात एकच बस येणाऱ्या खोलीपेक्षा चांगली, असं माझं मत आहे.

मेट्रोही हिशोबात घ्या. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अशा दोन मार्गिका सुरू आहेत, आणि त्या जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकींना मिळतात. मधला गर्दीचा टप्पा मेट्रोने आणि दोन्ही टोकांना बस, अशी जोडणी केली तर वेळेचा अंदाज बराच पक्का येतो.

दुसरी पायरी: पाट्या आणि एकेरी रस्ते

पाटीवर 'मनपा' दिसलं तर ते पुणे महापालिका भवनाजवळचं बसस्थानक, नव्या पुलाच्या टोकाला. 'न. ता. वाडी' म्हणजे नरवीर तानाजी वाडी, शिवाजीनगर भागातला डेपो. गावी जायला एसटी पकडायची असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. जुन्या माहितीवर शिवाजीनगरला उतरून बॅग ओढत फिरणारे लोक अजून दिसतात. स्वारगेटला एसटीचा स्टँड आणि पीएमपीचे स्टॉप वेगवेगळे आहेत, आणि पीएमपीचेही दिशेप्रमाणे वेगळे. कुठं जायचं ते सांगून विचारा, नुसतं "स्टॉप कुठं आहे" विचारू नका.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतात ते एकेरी रस्ते. स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जाताना गाडी बाजीराव रस्त्याने जाते आणि परत येताना शिवाजी रस्त्याने. म्हणजे सकाळी जिथं उतरलात त्याच्या समोरच्या बाजूला परतीचा स्टॉप नसतोच, तो एक रस्ता पलीकडे असतो. डेक्कन भागातही तसंच, फर्ग्युसन रस्ता शिवाजीनगरकडे जातो आणि जंगली महाराज रस्ता डेक्कनकडे येतो. पहिल्या दिवशी उतरल्यावर लगेच पानटपरीवर किंवा वडापावच्या गाडीवर विचारून परतीचा स्टॉप बघून ठेवा. संध्याकाळी अंधारात, फोनची बॅटरी संपत आलेली असताना तो शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

चढताना वाहकाला नुसतं "कोथरूड?" विचारून भागत नाही. कर्वे रस्त्याने की पौड रस्त्याने, तेही विचारा. समोरचा इलेक्ट्रॉनिक फलक कधी बंद असतो, कधी मागच्याच फेरीचं नाव दाखवत असतो, त्यामुळे विचारण्यात कमीपणा नाही. "काका, गाडी अमुक चौकातून जाते ना?" एवढं पुरतं.

तिसरी पायरी: तिकीट आणि पास

१ जून २०२५ पासून भाडं वाढलं. आता पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, अशी चढती रचना आहे. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा दिवसाचा पास ७० रुपयांचा आणि महिन्याचा १५०० रुपयांचा झाला. हद्दीबाहेर पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) भागात राहत असाल तर दिवसाचा पास १५० रुपयांचा.

पास घ्यायचा की नाही हे भावनेवर ठरवू नका. एका गाडीत काम भागत असेल आणि जाऊन-येऊन ४० रुपये लागत असतील तर पंचवीस दिवसांचे १००० होतात, मासिक पास महागात पडतो. पण मध्ये गाडी बदलावी लागत असेल आणि दिवसाला ८० लागत असतील तर तोच खर्च २००० वर जातो, तिथं पास घ्या. पासचा दुसरा फायदा पैशांत मोजता येत नाही. तिकिटाची चिंता नसल्यामुळे समोर आलेल्या कोणत्याही गाडीने निम्म्यापर्यंत जाऊन पुढे दुसरी पकडता येते. पाससोबत ओळखपत्र जवळ ठेवा, विद्यार्थी आणि ज्येष्ठांच्या सवलतीच्या पासांची डेपोत किंवा पास केंद्रावर चौकशी करा.

'आपली पीएमपीएमएल' या ॲपवर तिकीट आणि पास दोन्ही काढता येतात, गाडी कुठं आहे तेही दिसतं. वाहकाच्या मशिनवर क्यूआर कोडही असतो. तरीही दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा खिशात असू द्या. गर्दीत रेंज जाते, पैसे कापले जातात आणि मशिनवर दिसत नाहीत, आणि तेवढ्यात तुमचा स्टॉप येतो. तिकीट उतरेपर्यंत जपा. तपासनीस चढला आणि तिकीट नसलं तर दंड भरावा लागतोच, शिवाय गाडी मध्येच बंद पडली तर त्याच तिकिटावर वाहक तुम्हाला मागच्या गाडीत बसवून देतो.

महिला प्रवाशांसाठी एक खुलासा. १७ मार्च २०२३ पासून मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे. पीएमपी वेगळी संस्था आहे, ती सवलत इथं चालत नाही.

चौथी पायरी: वेळेचा हिशोब

वेळापत्रक हा अंदाज समजा. ॲपवरचं गाडीचं चिन्ह बराच वेळ एकाच जागी थिजलेलं दिसलं तर गाडी तिथं उभी आहे असं धरू नका, बहुधा माहितीच येत नसते.

पाऊण तास काही नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन गाड्या पाठोपाठ, हा अनुभव लवकरच येईल. पहिल्या गाडीला थोडा उशीर झाला की स्टॉपवर माणसं वाढतात. ती चढायला वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. मागची गाडी मोकळी असल्यामुळे झपझप येऊन तिला गाठते. म्हणून पहिली खच्चून भरलेली असेल तर घाई न करता मागे बघा. दुसरी दिसत असेल तर तिच्यात सुखाने उभं तरी राहता येईल.

दुपारी चालक-वाहकांची पाळी बदलते, त्या सुमारास काही मार्गांवर गाड्या अचानक विरळ होतात. परीक्षा, मुलाखत, डॉक्टरची वेळ दुपारची असेल तर हे आधीच धरून चाला. पहिल्या मोठ्या पावसात सगळंच कोलमडतं. कात्रज, स्वारगेट, हडपसर, निगडी अशा ठिकाणाजवळ राहत असाल तर थोडं मागे चालून गाडी जिथून सुटते तिथंच चढा. बसायला जागा मिळते आणि गाडी सुटणार की रद्द, तेही तिथल्या नियंत्रकाकडून कळतं.

सणांचं मात्र मनावर घ्याच. आळंदी आणि देहूच्या पालख्या शहरातून जातात तेव्हा आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते बंद होतात आणि गाड्या दुसरीकडून वळवतात. शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता संध्याकाळी गृहीत धरू नका. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या रात्री पेठांतून बसने बाहेर पडायचा बेत आखू नका. बदललेले मार्ग वर्तमानपत्रांत आदल्या दिवशी छापून येतात.

पाचवी पायरी: चढणं आणि उतरणं

हा भाग सावकाश वाचा, कारण जीवाशी गाठ इथं पडते.

गाडी स्टॉपला अगदी लागून थांबेल असं समजू नका. स्टॉपच्या जागेत रिक्षा आणि मोटारी उभ्या असतात, त्यामुळे गाडी थोडी पुढे, रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात थांबते. मग सगळा जमाव तिच्या मागे रस्त्यातून धावतो. तुम्ही धावू नका. हात करा, चालकाची नजर तुमच्याकडे आहे का बघा आणि चाकं पूर्ण थांबल्यावरच पुढे व्हा. हलत्या गाडीचा दांडा पकडून लटकणारे रोज दिसतील. त्यांचा हात सुटला तर पाय मागच्या चाकाखालीच जातो.

नियम असा की मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं. गर्दीत तो सगळेच पाळत नाहीत, तरी तुम्ही पाळा. उतरायच्या एक स्टॉप आधी पुढे सरकायला लागा, "उतरायचंय, जरा जागा द्या" म्हणत. गाडी थांबायच्या आत पायरीवर उभं राहू नका.

आता खास पुण्यातला धोका. बस आणि पदपथ यांच्यामधल्या फटीतून दुचाकीस्वार डावीकडून वेगाने निघतात. त्यांना उतरणारा माणूस दिसत नाही आणि उतरणाऱ्याचं लक्ष खाली पायरीकडे असतं. म्हणून पाय खाली टाकण्याआधी दांडा धरून मान बाहेर काढा आणि मागच्या बाजूला, गाडीच्या शेपटीकडे बघा. एक क्षण लागतो. कानातले इअरफोन तेवढ्यापुरते काढा. मुलांसोबत असाल तर आधी मोठ्या माणसाने उतरायचं, मग मुलाला घ्यायचं.

उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नका. चालकाला त्याच्या काचेच्या लगेच खाली असलेला माणूस दिसत नाही, आणि गाडीला वळसा घालून येणाऱ्या वाहनांना तुम्ही दिसत नाही. गाडी जाऊ द्या. मग दोन्हीकडे बघून, सिग्नल असेल तर सिग्नलवर ओलांडा.

बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेची, स्थानकं रस्त्याच्या मधोमध असतात. तिथं काही ठिकाणी गाडीचं उजवीकडचं दार उघडतं, त्यामुळे कोणत्या बाजूला उतरायचं ते आधी विचारून ठेवा. स्थानकाच्या उघड्या दाराला टेकून उभं राहायचं नाही, ती सरकती दारं अनेक ठिकाणी बंद पडून उघडीच असतात. स्थानकातून बाहेर पडताना बीआरटीच्या मार्गिकेत उतरायचा मोह टाळा. ती रिकामी वाटते आणि तिच्यातूनच बस वेगाने येते, शिवाय तिथं घुसलेल्या दुचाकीही असतात. पुण्यात बीआरटी सुरू झाली २००६ साली, आणि तेव्हापासून ही पायी ओलांडायची अडचण काही सुटलेली नाही. माझ्या मते बस प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी महापालिकांनी सर्वांत आधी पैसे खर्च करायला हवेत ते इथं.

घरातले वयस्कर लोक सोबत असतील तर त्यांना शेवटच्या बाकावर बसवू नका. गतिरोधकावर मागची बाजू जोरात उडते आणि कमरेला, मणक्याला मार बसतो. मधली जागा बरी. डाव्या बाजूची आसनं महिलांसाठी राखीव असतात, ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठीही आसनं राखून ठेवलेली असतात. मागितल्यावर उठावं लागतं, आणि मागायला लाजू नये.

सहावी पायरी: गर्दीतले हात

चोरी होते ती दारात. एक जण पायरीवर मुद्दाम रेंगाळतो, दुसरा मागून रेटतो, आणि त्या चेपाचेपीत तिसऱ्याचा हात तुमच्या खिशात असतो. म्हाताऱ्या बायकांच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या कटरने कापून नेल्याच्या बातम्या पुण्यात वारंवार येतात. बाईंना हात दांड्यावर धरावाच लागतो आणि तेवढंच चोरांना हवं असतं. आई किंवा आजी गावाहून आल्या असतील तर बांगड्या काढून आतल्या पिशवीत ठेवायला सांगा, नाहीतर पदराने किंवा लांब बाहीने झाकून घ्यायला सांगा. सॅक पुढे घ्यायची, फोन पॅंटच्या मागच्या खिशात ठेवायचा नाही. दारात कोणी विनाकारण अडून बसलं असेल तर ती गाडी सोडून द्या.

अंगचटीला येणाऱ्यांबद्दल मुलींना सांगायचं ते असं. पहिल्या धक्क्याला, तो चुकून लागला असला तरी, मोठ्या आवाजात बोला, "दादा, नीट उभे राहा, मागे सरका." आवाज सगळ्या गाडीला ऐकू गेला पाहिजे, म्हणजे आजूबाजूच्या बायका वळून बघतात. तरीही थांबला नाही तर सरळ वाहकाला सांगा आणि गाडी थांबवून त्याला उतरवायला किंवा जवळच्या पोलीस चौकीला गाडी न्यायला सांगा. ११२ हा क्रमांक कुठूनही लागतो, महिलांसाठी १०९१ आहे. लैंगिक छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, गर्दीचं कारण त्याला चालत नाही. शेजारी उभ्या असलेल्या पुरुषांनाही सांगणं आहे. मुलगी बोलली की "जाऊ द्या ताई" म्हणू नका, तिच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभे राहा.

सातवी पायरी: रात्री

शेवटच्या गाडीच्या भरवशावर कुठलाही बेत आखू नका. तिच्या आधीची गाडी तुमची समजा, शेवटची ही अडचणीसाठी. मोजक्या मार्गांवर रातराणी गाड्या असतात, तुमच्या भागात आहे का ते दिवसाच विचारून ठेवा. रात्री आडबाजूच्या स्टॉपवर एकटं उभं राहण्यापेक्षा एक स्टॉप चालून उजेडाच्या, दुकानं उघडी असलेल्या ठिकाणी थांबा. गाडी रिकामी असेल तर पुढे, चालक-वाहकाच्या नजरेत बसा. घरच्यांना गाडीचा नंबर कळवून ठेवायला काही लागत नाही.

आठवी पायरी: तक्रार आणि शाबासकी

गाडी स्टॉपवर न थांबता गेली, चालक फोनवर बोलत गाडी चालवत होता, दार उघडं ठेवून गाडी पळवली, तर तक्रार करा. ॲपवर करता येते, ०२०-२४५४५४५४ या क्रमांकावर फोन करता येतो, डेपोत जाऊन लेखीही देता येते. "तुमच्या गाड्या कधीच थांबत नाहीत" अशी तक्रार कोणी हातात घेत नाही. मार्ग क्रमांक, गाडीचा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, स्टॉपचं नाव आणि गाडी कुठल्या दिशेला जात होती, एवढं लिहिलं की त्या फेरीवर कोण चालक आणि कोण वाहक होते ते डेपोला काढता येतं. तिकीट असेल तर त्याचा फोटो जोडा, गाडी आणि वेळ त्यावर असतेच.

सामान गाडीत राहिलं तरी हीच माहिती कामाला येते. आधी त्या गाडीच्या डेपोत विचारा, वाहक पाळी संपल्यावर सापडलेली वस्तू तिथं जमा करतात. आणि ज्या वाहकाने म्हाताऱ्या माणसाला हात धरून उतरवलं, ज्या चालकाने धावत येणाऱ्या मुलीसाठी गाडी रोखून धरली, त्याचंही नाव याच क्रमांकावर, याच तपशिलासह कळवा. बिल्ला क्रमांक वाहकाच्या छातीवर असतो.